आप्तांची सनद

ज्या जिल्ह्याला १९८१ पर्यंत सरकारी दप्तरात कुलाबा म्हणत आणि आज रायगड म्हणतात, त्याच्या किनाऱ्यावरचा माणूस समुद्र ओलांडून पोट भरावयास गेला की त्याच्यामागे घर राहते. आणि घर मागे राहिले की ते आपल्याजवळ नेण्याचा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. आपले माणूस कोण, हे घरच्या पंगतीत बसणाऱ्यांस ठाऊक असते. परंतु परराज्याच्या सरहद्दीवर ते ठाऊक असून भागत नाही, सिद्ध करावे लागते. आणि सिद्ध केल्यास मान्य होतील अशी नाती कोणती, हे त्या राज्याने अर्जदार जन्मण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले असते. रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या या चिंचोळ्या पट्टीतून गेल्या सव्वाशे वर्षांत माणसे इतक्या निरनिराळ्या मुलखांत गेली, की त्या मुलखांच्या कायद्यांत आप्ताची व्याख्या कशी रुंदावते आणि कशी आखडते, हे पाहावयास या किनाऱ्यासारखी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी सापडणे कठीण.

सर्वांत रुंद व्याख्या ज्यांच्या वाट्यास आली ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांस तेथेच मूठमाती दिली, आणि त्या सात जोडप्यांचा वंश पुढे साऱ्या कुलाब्यात पसरला, ही त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांस शनिवार तेली म्हणत. आडनावे बहुतेक गावांवरून पडलेली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, चौलकर, दिवेकर. रेवदंड्याचे सिनेगॉग १८४२ चे, अलिबागेतील इस्राएल आळीतले १८४८ चे, पेणचे १८६३ चे. भाषा मराठी, साड्या नऊवारी, आणि नवस फेडायचा तर एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा. स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. आज अलिबाग-पेणच्या सिनेगॉगांत प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमविणे हीच एक कामगिरी होऊन बसते, कारण बहुसंख्य कुटुंबे इस्राएलमध्ये अश्दोद, दिमोना, बेर्शेबा, लोद, रामला अशा गावी वसली आहेत.

ती गेली कोणत्या अधिकाराने? ५ जुलै १९५० रोजी इस्राएलच्या क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, परतीचा कायदा संमत केला आणि प्रत्येक यहुद्यास त्या देशी येऊन राहण्याचा हक्क दिला. तेथे पगाराची अट नव्हती, तेथील कोणा नातेवाइकाने जामीन राहण्याची अट नव्हती, संख्येची मर्यादा नव्हती. मात्र यहुदी कोण, हे त्या मूळ कायद्यात कोठेच लिहिलेले नव्हते. ही उणीव वीस वर्षे तशीच चालली. १९७० च्या जानेवारीत बेंजामिन शालित नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या, यहुदी नसलेल्या मातेच्या मुलांची नोंद कोणत्या रकान्यात करावी यावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निवाडा दिला, त्यावरून गहजब झाला, आणि मार्च १९७० मध्ये कायद्याला दुरुस्ती जोडण्यात आली. या दुरुस्तीची रचना मोठी विलक्षण आहे. एकीकडे तिने यहुदी म्हणजे यहुदी मातेच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर करून आलेला आणि अन्य धर्माचा अनुयायी नसलेला इसम, अशी अरुंद व्याख्या केली. आणि दुसरीकडे परत येण्याचा हक्क मात्र यहुद्याचे अपत्य, नातवंड, यहुद्याचा पती वा पत्नी, अपत्याचा जोडीदार आणि नातवंडाचा जोडीदार, इतक्या दूरवर पसरविला. मुलाकडून की मुलीकडून, हा भेद तेथे नाही. ज्या यहुद्याच्या नात्याने हक्क सांगावयाचा तो स्वतः तेथे आलेला असलाच पाहिजे असे नाही. तो हयात असलाच पाहिजे असेही नाही. रोह्यात वारलेल्या आजोबांच्या पुण्याईवर मुंबईतील नातू आणि त्याची हिंदू वा ख्रिस्ती पत्नी, दोघेही नागरिक म्हणून तेथे उतरू शकतात. आप्ताची इतकी उदार व्याख्या जगातील फारच थोड्या राज्यांनी केली आहे. आणि ज्या राज्याला आपली वस्ती वाढवावयाची आहे त्यालाच ती परवडते, हेही लगोलग सांगितले पाहिजे.

दार उघडे असले म्हणजे ओसरीवर मान मिळतोच असे नाही. आरंभी गेलेल्या बेने इस्राएलांपैकी काहींनी, कामधंद्यात आणि वागणुकीत कातडीच्या रंगावरून आपणांस खाली लेखले जाते अशी तक्रार करीत, तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या दारात धरणे धरले आणि आम्हांस हिंदुस्थानात परत पोचवा असा हट्ट घेतला. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे खरोखरीच परत पाठविण्यात आली, आणि त्यांपैकी पुष्कळजण पुढे पुन्हा इस्राएललाच गेले. याहून गंभीर पेच विवाहाचा होता. इस्राएलमध्ये यहुद्यांचा विवाह लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे. परतीच्या कायद्याने ज्यांना यहुदी म्हणून आत घेतले त्यांच्याविषयी धर्मपीठाने शंका काढली, की इतकी शतके हे लोक एकाकी राहिले, तेव्हा यांच्या घटस्फोटांचे विधी यथाशास्त्र झाले असतील कशावरून? १९६२ मध्ये विवाहाचे दाखले करणाऱ्या रब्बींना हुकूम सुटला, की बेने इस्राएल वधू अगर वर आला की त्याच्या मातेची, मातेच्या मातेची, अशी शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी.

या हुकमाने कोकणी माणसाची किती अडचण झाली असेल, हे आपल्याकडील दप्तर ज्याने उलगडले आहे त्यालाच कळेल. आपल्याकडे सगळा वंश बापाच्या अंगाने लिहिलेला. आडनाव सांगते ते बापाच्या पूर्वजांचे गाव. सातबाऱ्यावर वारस म्हणून नोंद होते ती बापाच्या मागे. जुन्या कोतवाल बुकात बहुधा बापाचे नाव, जात, आणि मुलगा झाला की मुलगी, एवढाच मजकूर. आजीची आई कोण आणि कोणत्या घरची, हे सांगणारे एखादे थकलेले माणूस घरात असले तर असले, कागद नाही. त्यातून नावांचा घोळ निराळा. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधविणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते. अशी जोडनावे घरोघर होती, आणि हिब्रू पोथीतला इसम व तालुक्याच्या वहीतला इसम एकच हे पटवून देणे म्हणजे नसती यातायात. मातृवंशाचा हिशेब या समाजाला अगदीच अपरिचित होता असेही नव्हे. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा जो भेद त्यांनी स्वतःच एके काळी पाळला, त्याचे मूळ परजातीच्या मातांतच होते. पण स्वतःच्या पंक्तिभेदाने दुसऱ्याला छळले, म्हणून तिसऱ्याने आपला छळ करावा, असा न्याय कोठे नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मंडळी जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांस लक्ष घालावे लागले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच होत असा ठराव केला, आणि महिनाअखेरीस धर्मपीठाने हुकमातून त्यांचे नाव काढून ज्याच्याविषयी शंका येईल असा कोणीही, अशी मोघम भाषा घातली. जमातीचा उल्लेख गेला, चौकशीचा अधिकार राहिला. नातवंडाला आत घेणारे राज्य आणि आजीची आई विचारणारे धर्मपीठ, ही दोन मापे तेथे आजही एकाच वेळी चालतात. नातवाच्या हक्काने गेलेला तरुण नागरिक होतो, सैन्यात जातो, आणि लग्नाची वेळ आली की पुष्कळदा सायप्रसला जाऊन नोंदणी करून येतो, कारण परदेशात झालेला विवाह तेथील लोकसंख्येच्या नोंदवहीत दाखल होऊ शकतो.

याच्या अगदी उलट टोकास दक्षिण आफ्रिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान, त्यांत रत्नागिरीकडचे अधिक परंतु कुलाबा आणि जंजिऱ्याच्या हबसाण संस्थानातलेही, केपटाऊनला जाऊन दुकानदारी करू लागले. केप वसाहतीच्या १९०६ च्या कायद्याखाली गावी परत यावयाचे तर मुदतीचा परवाना काढावा लागे, त्यावर तसबीर आणि बोटांचे ठसे, आणि मुदत टळली तर परतीचा हक्क बुडे. अशा माणसाची बायको गावी. तिला न्यावे म्हटले तर १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला, की ज्या धर्मात बहुपत्नीत्वास अनुज्ञा आहे त्या धर्मानुसार लागलेला विवाह या देशी विवाहच नव्हे. एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने अविवाहित ठरल्या. गांधीजींच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह स्त्रिया उतरल्या त्याचे एक मोठे कारण हे होते. १९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टने एक पत्नी आणि तिची अज्ञान अपत्ये एवढे नाते मान्य केले; आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. १९५३ च्या दुरुस्तीने भारतातून पत्नी आणण्याची ती फटदेखील बुजविण्यात आली. त्या राज्याला हिंदी माणसाचे श्रम आणि त्याचा कर हवा होता, त्याची वाढ नको होती. म्हणून आप्त या शब्दाला तेथे कात्री लावीत लावीत शेवटी काहीच उरू दिले नाही.

आखाताचे प्रकरण या दोहोंहून निराळे, आणि आजच्या श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, बोर्ली पंचतन या भागातील घरांना सर्वांत जवळचे. तेथे नागरिकत्वाचा प्रश्नच निघत नाही. पन्नास वर्षे दुबईत काढलेला माणूसही इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, मुदतीपुरताच तेथला, आणि तेथे जन्मलेले त्याचे मूल त्याच्याच इकाम्याच्या सावलीत. कुटुंब न्यावयाचे की नाही हे नात्यावर नाही, पगारपत्रकावर ठरते. संयुक्त अरब अमिरातीत बायकामुलांस बोलवावयाचे तर महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा, असा दंडक आहे. २०१९ पर्यंत धंद्याचीही यादी पाहत, आणि मजूर वा हलके काम करणारा या वर्गात ज्याचे नाव तो पगार कितीही असो बाहेर राही. मुलगा पूर्वी अठरा वर्षांचा झाला की बापाच्या व्हिसावरून उतरत असे, २०२२ पासून ती मर्यादा पंचवीसपर्यंत नेली आहे, आणि अविवाहित मुलीस वयाची अट नाही. आईवडिलांना न्यायचे म्हटले की पगाराची अट कितीतरी पटींनी चढते. सौदी अरबस्तानाने याहून सोपा उपाय काढला : जुलै २०१७ पासून परकीय कामगाराच्या प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल पट्टी बसविली आणि ती दरसाल शंभराने वाढवीत २०२० पर्यंत ४०० वर नेली. पत्नी आणि तीन मुले म्हणजे महिना सोळाशे रियाल. घरातल्या माणसांवर डोईपट्टी म्हणावी तशीच ही, आणि तिच्या भाराने अनेक कुटुंबे जेद्दा-रियाधहून गावी परतली. बाप तेवढा तिकडे राहिला.

यामुळे या गावांत संसाराची जी पद्धत रूढ झाली ती पाहण्याजोगी आहे. ‘फॅमिली व्हिसा लागला का?’ हा प्रश्न तेथे ‘बढती मिळाली का?’ याच अर्थाने विचारला जातो. ज्याचा लागला तो चार वर्षे बायकामुलांसह राहतो. मोठा मुलगा नववी-दहावीस आला, फी झेपेना, की कुटुंब पुन्हा गावी आणि बाप पुन्हा खोलीत. ज्यांचा पगार कधीच त्या आकड्यास टेकत नाही अशांची संख्या मोठी, आणि त्यांचा संसार रजेच्या महिन्यांत होतो. आपल्या सरकारनेही यात एक चाळणी लावली आहे. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली, दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर सामान्यतः परवान्याची अट पडते, आणि आखातासह ठराविक देशांत कामासाठी जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. हेतू संरक्षणाचा, तरी ज्याच्या पासपोर्टावर ही अट, त्याच्या घरचा फॅमिली व्हिसा दूरच, हे सहसा खरे ठरते.

आपल्याकडील सुशिक्षितांच्या बोलण्यात येतात ते मात्र अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत इतके छापून येते, की येथे थोडक्यात आटोपले तरी चालेल. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने नागरिकाची पत्नी वा पती, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईबाप यांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले. भावाबहिणींसाठीही एक वर्ग आहे, आणि पुष्कळांचा मोह तेथे गुंततो. पण साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० जागा आणि कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक नाहीत, त्यामुळे भारतातील अर्जदाराची पाळी येण्यास अठरा-एकोणीस वर्षे लागत आहेत. दरखास्त केली तेव्हा पाळण्यात असलेला भाचा पाळी येईतो एकवीस ओलांडण्याच्या बेतात असतो. २००२ च्या एका कायद्याने त्याच्या वयातून अर्जाची तपासणी चालू होती तेवढा काळ वजा करता येतो, पाळीची वाट पाहण्यात गेलेला नाही. इंग्लंडात जोडीदार आणण्यासाठी उत्पन्नाची अट २०१२ मध्ये १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० झाली. वृद्ध आईवडिलांसाठी तेथील नियम वाचला की न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कौतुक वाटेल : त्यांना नित्याच्या शुश्रूषेची गरज आहे आणि पैसे मोजूनही ती मायदेशी मिळत नाही, असे दाखविले पाहिजे. मुलगा पैसे पाठविण्याइतका सधन असेल तर येथे बाई ठेवता येते, म्हणून अर्ज नामंजूर. सधन नसेल तर तो त्यांचा खर्च भागविणार कसा, म्हणून नामंजूर. कॅनडाने त्यामानाने माणुसकी दाखविली. आईबापांस कायमचे नेण्यासाठी तेथे चिठ्ठीने भाग्य उघडावे लागते. परंतु सुपर व्हिसावर, एक लाख कॅनेडियन डॉलरचा आजारपणाचा विमा उतरवून, एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. कायमच्या हक्काऐवजी लांब मुक्काम, ही तडजोड उतारवयातील माणसाला पुष्कळदा अधिक मानवते. वाडीतल्या नारळी-पोफळींवरचा जीव दहा हजार किलोमीटर अंतराने सुटतो असे नाही.

कोणत्याही देशाचे दार असो, त्याची कडी येथे तालुक्याच्या गावीच काढावी लागते. जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि या तिन्हींवर नाव एकसारखे. मुसलमान घरांत निकाहनामा उर्दूत, बेने इस्राएलांकडे केतुबा हा विवाहकरार हिब्रू लिपीत. त्यांचे प्रमाणित भाषांतर आणि १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखालील विवाहनोंदणी, दोन्ही आधी उरकलेली बरी. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, म्हणून इस्राएल, इंग्लंड, अमेरिका यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. अमिरात आणि कुवेत त्या करारात नाहीत, त्यामुळे तेथे जाणारा कागद मुंबईच्या मंत्रालयातून साक्षांकित होऊन, दिल्लीच्या परराष्ट्र खात्याकडून फिरून, पुन्हा त्या त्या वकिलातीत जातो. परदेशी मूल झाले की एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी, आणि त्याच्यापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यावे. ही मुदत आळसाने चुकविणारे नंतर केंद्र सरकारच्या परवानगीसाठी हेलपाटे घालतात. एजंटाने सगळे करून देतो म्हटले तरी मूळ कागद त्याच्या हवाली करू नयेत, एवढे आगाऊपणाने सुचवितो.

अलीकडे या कागदांचा ओघ उलटा वाहू लागला आहे. इस्राएलचे नागरिकत्व पत्करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या आपल्या कायद्याने संपुष्टात येते. त्याच्या बदल्यात २००५ नंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची सोय झाली, आणि ती पणतवंडापर्यंत पोचते. आजन्म व्हिसा, राहण्याची मोकळीक. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. त्यामुळे दिमोनात जन्मलेल्या तरुणास नवगाव वा चौलकडची वाडी हवी असेल तर ती खरेदीखताने नव्हे, वारस म्हणूनच त्याच्या नावे चढेल, आणि त्यासाठी फेरफाराच्या नोंदींत आजोबांचे नाव शाबूत असले पाहिजे. कार्डासाठी त्याला दाखवावे लागते ते इतकेच, की आपला पूर्वज २६ जानेवारी १९५० रोजी भारताचा नागरिक होण्यास पात्र होता. एके काळी आपण यहुदी आहोत हे सिद्ध करण्यासाठी ज्या घराने अलिबागच्या सिनेगॉगमधील विवाहाची नोंद जेरुसलेमपुढे ठेवली, त्याच घरचा नातू आता आपण इथले आहोत हे सिद्ध करण्यासाठी आजोबांच्या मराठी शाळेच्या दाखल्याची नक्कल मिळविण्याकरिता तेथूनच अर्ज धाडतो. आणि शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात त्या पानावर नाव अर्थातच सामाजी किंवा हसाजी असे लिहिलेले निघते, म्हणून सोबत एक प्रतिज्ञापत्रही जोडावे लागते.